एमआरआय नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मेंदूच्या स्कॅनमध्ये पार्किन्सन म्हणजे कंपवात लवकर कळतो ही बातमी तुमच्याकडे वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय आणि बातमी वाचून लोक उद्या उठून एमआरआय काढायला धावतील अशी मला भीती वाटते.

आमची देवगडला हापूसची कलमं आहेत. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, अढीजवळ नुसते वाकले तरी वासावरून सांगायचे की खालच्या थरातले आंबे तयार झालेत, काढा. चार वर्षांपूर्वी एकदा गवत बाजूला करून बराच वेळ तसेच बसले आणि म्हणाले, "माका वासच येणा नाय." आम्ही म्हटलं कोरोनाचं असेल. पोट साफ होत नव्हतं, ते वयामुळे. झोपेत ओरडायचे, हात झाडायचे, आई म्हणायची स्वप्न पडलं असेल. मग उजवा खांदा धरला, दीड वर्ष फ्रोजन शोल्डर म्हणून शेक आणि व्यायाम. बँकेत सही जुळेना, अक्षर मुंगीएवढं झालेलं, तरी कुणाच्या डोक्यात आलं नाही. हात थरथरायला लागला तेव्हा कुठे एमआरआय काढला, तो नॉर्मल आला आणि सगळ्यांना हायसं वाटलं, त्यात अजून सहा महिने गेले.

पार्किन्सनमध्ये साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच असतो, तो दुसरं काही नाही ना हे बघायला काढतात, हे आम्हाला मुंबईच्या न्यूरोलॉजिस्टनी सांगितलं. त्यांनी आप्पांना चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली आणि तिथेच जवळजवळ ओळखलं. पण आप्पा चक्करेसाठी सिनारिझिनच्या गोळ्या कितीतरी महिने घेत होते आणि त्या गोळ्यांनीसुद्धा अशीच थरथर, असाच ताठरपणा येऊ शकतो, म्हणून ट्रोडॅट नावाचा स्कॅन करायला सांगितला. यात शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देतात आणि मेंदूत डोपामिनच्या, म्हणजे हालचाल सांभाळणाऱ्या रसायनाच्या पेशींची टोकं किती शिल्लक आहेत ते दिसतं. निरोगी माणसात दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखा आकार दिसतो, शेपूट गेली की नुसते टिंब उरतात. गोळ्यांचा दोष असेल तर चित्र सहसा नॉर्मल येतं. आप्पांचं डावीकडे टिंबच होतं, आणि मेंदूची डावी बाजू उजवं अंग चालवते, म्हणजे उजव्या हाताचा त्रास तिथूनच.

थरथर दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्या किंवा जास्तच पेशी गेलेल्या असतात म्हणे. वास जाणं ही त्याचीच सुरुवातीची खूण होती. हे ऐकून मला अढीपाशी बसलेले आप्पा आठवले, अजून आठवतात.

पण म्हणून धडधाकट माणसाने हा स्कॅन करावा असं अजिबात नाही, रोग थांबवणारं औषध अजून आलेलं नाही आणि पार्किन्सनसारखे दुसरे एक-दोन आजारही त्यात तसेच दिसतात. शंका असेल तिथे डॉक्टरच ठरवतील. लवकर कळण्याचा फायदा एवढाच की लेव्होडोपा, म्हणजे डोपामिनची कमी भरून काढणारी गोळी, आणि व्यायाम वेळेत सुरू होतो, पडणं टळतं, चुकीचे उपचार थांबतात. आप्पा आता गोळी घेऊन परत बागेत जातात.

तेव्हा 11 एप्रिलला, जागतिक पार्किन्सन दिनाला, वास जाणं, अक्षर बारीक होणं, चालताना एक हात न हलणं यावर एक पान छापाच. आणि सिंधुदुर्गात महिन्यातून एकदा तरी सरकारी दवाखान्यात न्यूरोलॉजिस्ट बसवा अशी मागणी तुम्हीही लावून धरा, थरथरत्या माणसाला रात्रभर गाडीत बसवून मुंबईला न्यायचं म्हणजे काय ते आम्ही पाच वेळा भोगलंय.

आपला,
एक बागायतदार, देवगड