रेग्युलेटर दुरुस्तीचं काम शिकायचं तर

मालवण

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मामाच्या धाकट्याचं भुसावळच्या आयटीआयमधलं फिटरचं शिक्षण संपत आलंय आणि कुणीतरी त्याला ‘स्कूबा टेक्निशियन’च्या, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायची उपकरणं दुरुस्त करणाऱ्याच्या, सर्टिफिकेटसाठी फी भर म्हणून मागे लागलंय, असं बाबांनी सांगितलं. फोनवर एवढं सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते. मामाला हे पत्र वाचायला द्या. माझं मत आधीच सांगून टाकते: पोरगं या कामाला लायक आहे, पण सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या उपकरणांना चालेल असं एकच सर्टिफिकेट या धंद्यात नसतं. तसं कुणी म्हणत असेल तर एक रुपयाही भरू नका.

आई, तुझी काळजी ठाऊक आहे. त्याला पाण्यात उतरावं लागणार नाही. सगळं काम टेबलावरचं आहे. पुढेमागे त्याने डायव्हिंग शिकावं असं मला वाटतं, कारण उपकरण तोंडात धरून श्वास घेतलेला माणूस तक्रार लवकर समजतो. पण सुरुवातीला त्याची अट नाही.

काम काय असतं ते बाबांना लगेच कळेल. सिलिंडरमध्ये हवा साधारण २०० बारने भरलेली असते. ठिबकच्या लाइनवर जादा प्रेशर उतरवायला आपण रेग्युलेटर बसवतो, त्यातलाच हा प्रकार, फक्त प्रेशर दोन टप्प्यांत उतरवायचं. सिलिंडरवर बसतो तो फर्स्ट स्टेज. तो २०० बारवरून भोवतालच्या दाबापेक्षा ९ ते १० बार जास्त, एवढ्यावर आणतो. याला आम्ही आयपी (इंटरमिजिएट प्रेशर, म्हणजे मधला दाब) म्हणतो. तोंडात असतो तो सेकंड स्टेज, श्वास ओढला की तेवढ्यापुरता उघडणारा. समुद्रात दर १० मीटरला दाब साधारण एका बारने वाढतो, आणि त्याप्रमाणे या दोन्हींनी आपणहून जुळवून घ्यायचं असतं. खाली गेलेल्या माणसाचा श्वास यावर चालतो, म्हणून इथे ‘चालून जाईल’ हा शब्द नको.

रेग्युलेटर सर्व्हिसला आला की पहिला हात पान्याला लावायचा नाही, गेजला लावायचा. सिरीयल नंबर लिहायचा, आयपी मोजायची, काटा स्थिर राहतो का बघायचं. काटा ९.५ बारवर थांबून मग हळूहळू १०, १०.५ असा चढत गेला तर त्याला क्रीप म्हणतात. म्हणजे हाय प्रेशर सीट (हवा अडवणारी छोटी गादी) कापली गेलीय किंवा ती ज्या धारेवर बसते त्या धारेला टवका गेलाय. आयपी चढली की सेकंड स्टेज आपोआप हवा सोडायला लागतो, म्हणजेच फ्री-फ्लो. न मोजता उघडलं तर दोष कुठे होता हे पुन्हा कधीच कळत नाही. नवीन पोरं घाईत हेच चुकवतात.

आणखी एक गोष्ट त्याच्या मनावर ठसवा. फर्स्ट स्टेज एकटा कधीच प्रेशरवर घ्यायचा नाही. सोबत सेकंड स्टेज किंवा रिलीफ व्हॉल्व्ह हवाच. सीट गळाली तर वाढलेला दाब बाहेर पडायला वाट लागते. नाहीतर होज (हवेची नळी) किंवा गेज फुटतो. सिलिंडरचा व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा आणि गेजची काच कुणाच्याही तोंडाकडे ठेवायची नाही.

उघडल्यावर आत येण्याच्या तोंडाशी एक छोटा धातूचा फिल्टर असतो, शेंगदाण्यापेक्षाही लहान. तो भिंगाखाली नुसता बघितला तरी बरंच कळतं. हिरवट असेल तर आत पाणी गेलंय. बहुधा धुताना डस्ट कॅप लावायची राहिली. तांबूस असेल तर स्टीलच्या सिलिंडरला आतून गंज आहे. काळपट असेल तर कॉम्प्रेसरच्या फिल्टरकडे जाऊन बघावं. फिल्टर बदलून रेग्युलेटर परत देणं म्हणजे अर्धं काम. सिलिंडर किंवा कॉम्प्रेसर तसाच राहिला, तर नवीन फिल्टरही तसाच होणार.

जुन्या ओ-रिंग (हवा गळू नये म्हणून बसवलेल्या रबरी कड्या) काढायला पितळी किंवा प्लास्टिकची हूक वापरायची. स्टीलच्या टोकाने खाचेत ओरखडा पडला की त्यातून हवा गळतच राहते, मग कितीही नव्या ओ-रिंग घाला. पितळी भाग सौम्य आम्लाच्या पाण्यात अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या मशीनमध्ये) काही मिनिटंच ठेवायचे. जास्त वेळ ठेवले तर क्रोम उडतं. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे भाग त्या द्रावणात टाकायचेच नाहीत. स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडी हवा मारून, मग पुन्हा भिंगाखाली सीटची धार बघायची. दोन रेग्युलेटरचे भाग एका ट्रेमध्ये कधी ठेवू नयेत.

जोडताना सर्व्हिस किटमधले सगळे भाग नवे जातात, जुने दिसायला चांगले असले तरी. ओ-रिंगचे नंबर पाठ असावे लागतात. लो प्रेशर पोर्टला (होज जोडायच्या भोकाला) सहसा ०११ आणि हाय प्रेशर पोर्टला ०१२ लागते. दोन्हींची जाडी १.७८ मिमी, आतला व्यास मात्र ७.६५ आणि ९.२५ मिमी. हातात घेतल्यावर फरक पटकन दिसत नाही. ग्रीस नुसतं चमकण्यापुरतं. गोळा राहिला तर त्यात वाळू चिकटते. आवळायचं ते टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराइतकंच आवळायच्या पान्याने), मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच. फिटरच्या पोरांना हाताच्या अंदाजाची सवय असते, ती इथे मोडावी लागते.

मग पुन्हा आयपी, भरलेल्या सिलिंडरवर आणि जवळजवळ रिकाम्या सिलिंडरवरही. बॅलन्स्ड रेग्युलेटरमध्ये दोन्ही वेळा आकडा जवळपास तोच यायला हवा. अनबॅलन्स्ड पिस्टनमध्ये सिलिंडर उतरला की आयपीही उतरते, तो दोष नाही. सेकंड स्टेज किती ओढीला उघडतो ते पाण्याच्या स्तंभाच्या गेजवर बघायचं. साधारण अडीच ते चार सेंटिमीटर ठीक. फार हलका ठेवला तर फ्री-फ्लो होतो, फार जड ठेवला तर डायव्हर दमतो. नवीन सीटला बसायला वेळ लागतो, म्हणून पर्ज बटण (सेकंड स्टेजमधून मुद्दाम हवा सोडायचं) बरेच वेळा दाबून, थोडा वेळ प्रेशरवर ठेवून परत मोजायचं. शेवटी सगळा संच पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे आणि सगळे आकडे वहीत लिहायचे. ज्या टेक्निशियनकडे वही नाही त्याच्याकडे मी माझा रेग्युलेटर देणार नाही.

आता सर्टिफिकेटचं. स्कूबाप्रो, ॲक्वालंग, मारेससारख्या कंपन्या आपापल्या उपकरणांपुरतं प्रशिक्षण देतात. ते सहसा अधिकृत डीलरकडे कामाला असलेल्या माणसालाच मिळतं. त्या कंपनीचं मॅन्युअल, किट आणि वेळोवेळी निघणाऱ्या सूचना त्यातून मिळतात, आणि हे प्रशिक्षण ठरावीक काळाने पुन्हा घ्यावं लागतं, कारण मॉडेल बदलतात. एका कंपनीच्या सर्टिफिकेटवर दुसऱ्या कंपनीचा रेग्युलेटर उघडायचा नसतो. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा ‘इक्विपमेंट स्पेशालिस्ट’ कोर्स चांगला आहे, पण तो डायव्हरने आपलं सामान ओळखावं आणि सांभाळावं यासाठी. तो केला म्हणजे दुरुस्तीचा अधिकार मिळाला, असं नाही. मला शंका आहे की मामाला हाच कोर्स टेक्निशियनचा म्हणून विकला जातोय.

सिलिंडरचं शिक्षण पुन्हा वेगळं. आतून दिव्याने बघणं, मानेच्या आट्यांमध्ये भेगा शोधणं हे अमेरिकेतली पीएसआय-पीसीआयसारखी संस्था शिकवते. जुन्या ६३५१ मिश्रधातूच्या ॲल्युमिनियम सिलिंडरना मानेजवळ भेगा पडतात, ते ओळखता आलं पाहिजे. पाण्याच्या दाबाची चाचणी मात्र दुकानात करायची नसते. ती पेसोची (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची) मान्यता असलेल्या केंद्रातच होते. पेसोचं मुख्यालय आपल्या नागपूरला आहे आणि नियम २०१६ चे गॅस सिलिंडर रूल्स. सिलिंडरमधल्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर असेल तर स्वच्छता, ओ-रिंग, ग्रीस सगळंच बदलतं. साधं सिलिकॉन ग्रीस तिथे चालत नाही, पेट घेऊ शकतं. काही कंपन्या ४० च्या खालीही ही अट घालतात. त्याचंही प्रशिक्षण वेगळं.

म्हणून मामाने फी मागणाऱ्याला इतकंच विचारावं: कोणत्या कंपनीचे कोणते मॉडेल? प्रत्येकाला स्वतःच्या हाताने किती रेग्युलेटर उघडून जोडायला देणार? सर्टिफिकेट किती वर्षं चालतं, आणि त्यावर किट विकत मिळतं का? उत्तरं गोलगोल आली तर तिथून उठावं.

माझ्या मते त्याने आधी गोवा, मालवण किंवा अंदमानातल्या एखाद्या चांगल्या डाइव्ह सेंटरमध्ये मदतनीस म्हणून वर्षभर काढावं. धुणं, सुटं करणं, नोंदी, बीसीडीचे (डायव्हरच्या हवा भरायच्या जॅकेटचे) इन्फ्लेटर. इन्फ्लेटरमध्ये मीठ साचलं की बटण अडकतं, जॅकेट आपोआप फुगतं आणि माणूस वेगाने वर फेकला जातो, त्यामुळे ते कामही हलकं समजू नये. तिथे हात बसला की सेंटरच त्याला कंपनीच्या प्रशिक्षणाला पाठवतं. खान्देशात परत यायचं असेल तरी रस्ता बंद नाही. धुळ्याला एसडीआरएफची (राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची) तुकडी आहे, आणि नदी-धरणात शोध घेणाऱ्या कोणत्याही पथकाचे श्वासाचे संच कुणीतरी सांभाळावेच लागतात. गढूळ पाण्यातला गाळ सेकंड स्टेजच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली अडकला तर श्वासाबरोबर पाणी तोंडात येतं, म्हणून तिथे सामान जास्त वेळा उघडावं लागतं.

तोवर त्याने आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये कमी ताकदीचा टॉर्क रेंच वापरायचा सराव करावा, बार आणि पीएसआयचं गणित पक्कं करावं (१ बार म्हणजे १४.५ पीएसआय), आणि इंग्रजी मॅन्युअलमधली सुट्या भागांची चित्रं वाचायला शिकावं. मी त्याला एका जुन्या रेग्युलेटरचे सुटे भाग कुरियरने पाठवते. ते श्वासासाठी वापरायचे नाहीत, फक्त उघडजोडीसाठी. तसं डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिते.

बाबा, गोळ्या वेळेवर घ्या. आई, उन्हात बांधावर जाऊ नकोस.

तुमची लेक