‘मॅच’ अशी अक्षरे कोरलेल्या, पण मॅच चेंबर नसलेल्या बॅरलबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : .22 लाँग रायफल काडतुसाचे बॅरल (रायफलची नळी) मागणीनुसार नसल्यामुळे परत घेण्याबाबत

महोदय,

आपल्या तांत्रिक साहाय्य कक्षाशी आज सकाळी झालेले माझे पाचवे संभाषण ‘मॅच हे आमच्या बॅरलचं नाव आहे सर, चेंबरचं नाही’ या वाक्यावर संपले, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे.

आपण बॅरल बनवता. तेव्हा स्पोर्टर, बेंट्झ आणि मॅच या चेंबरांतील, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीच्या मापांतील, फरक मी आपल्याला शिकवावा, हे दोघांनाही शोभणारे नाही. मात्र आपल्या मागणीपत्रात या तीन नावांच्या तीन स्वतंत्र चौकटी आहेत आणि मी त्यांतील तिसरीत खूण केली होती, एवढे नमूद करणे भाग आहे. ती खूण सहज हात फिरला म्हणून झालेली नव्हती. जुन्या बॅरलमध्ये चेंबरच्या लगेच पुढचे रायफलिंग (नळीच्या आतले पिळाचे चर) हजारो फैरींनंतर झिजलेले बोअरस्कोपमधून, म्हणजे नळीच्या आत पाहण्याच्या दुर्बिणीतून, स्पष्ट दिसत होते आणि नवे बॅरल घेताना कोणते चेंबर कापून घ्यावे यावर मी तीन आठवडे घालवले. कुठल्याही कारखान्याचे काडतूस विनातक्रार बसावे म्हणून ऐसपैस ठेवलेले स्पोर्टर चेंबर शिकारी रायफलला ठीक असते. बेंट्झ मुख्यतः सेमी-ऑटोमॅटिक रायफलींसाठी, जिथे काडतूस आपोआप आत सरकले पाहिजे आणि न उडवलेले काडतूस गोळी न अडकता बाहेरही आले पाहिजे. माझी रायफल एकेरी फैरीची, बोल्टची (चेंबर मागून हाताने बंद करायच्या दट्ट्याची) आहे; प्रत्येक काडतूस मी हाताने ठेवतो. मला यांपैकी कशाचीच गरज नव्हती. मला हवे होते ते आखूड, घट्ट चेंबर, ज्यात बोल्ट मिटताना गोळी रायफलिंगच्या कडांना टेकते आणि प्रत्येक वेळी त्याच जागी, नळीच्या मध्यरेषेत बसते. अशा चेंबरमध्ये पुढे साचणारा, गोळीवरच्या मेणाचा आणि काजळीचा थर वेळच्या वेळी काढावा लागतो आणि न उडवलेले काडतूस काढताना कधी गोळी आतच अडकून राहते, हेही मला ठाऊक होते. तो त्रास मी समजून-उमजून पत्करला होता.

बॅरल आले, त्यावर ‘मॅच’ अशी सुबक अक्षरे होती. रेंजवर नळी लक्ष्याकडे ठेवून मी एक काडतूस आत घातले, बोल्ट सावकाश मिटला, पुन्हा उघडला आणि गोळी भिंगाखाली धरली. जुन्या बॅरलमध्ये अशा वेळी शिशावर सभोवार सहा बारीक, सारख्या अंतरावरच्या रेघा उमटत असत. या गोळीवरचा मेणाचा थरसुद्धा जागचा हलला नव्हता. दहा काडतुसे तपासली, दहाही कोरी. चेंबर मॅच मापाचे नाही हे कळायला याहून मोठ्या प्रयोगशाळेची आवश्यकता नसावी.

तरीही घाईने निष्कर्ष काढायचा नाही म्हणून मी टेकू लावून 50 मीटरवर दहा-दहा फैरींचे ग्रुप (एकाच नेमावर उडवलेल्या फैरींच्या छिद्रांचे पुंजके) घेतले. या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे असते आणि गोळीचे छिद्र रेषेला नुसते शिवले तरी गुण मिळतो. म्हणजे गोळीची जाडी धरून, सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमध्ये साधारण 16 मिलिमीटरच्या आत, नेमके मध्यावर बसलेले ग्रुप देणारे बॅरल स्वतःहून दहा सोडत नाही. जुने बॅरल चांगल्या अवस्थेत होते तेव्हा त्या मर्यादेच्या बरेच आत राहत असे. आपले नवे बॅरल 23 आणि 25 मिलिमीटर देते. नव्या बॅरलला काडतुसांचा वेगळा लॉट मानवू शकतो, हे मान्य करून मी चार लॉट तपासले. चारही लॉटांत एखाददुसरी गोळी काहीही कारण नसताना बाजूला जाते. याचा राग अधिक येतो तो एवढ्यासाठी की बाकीचे काम उत्तम आहे: पीळ 16 इंचांत एक वेढा असा बरोबर आहे, क्राऊन (नळीच्या तोंडाची कड) निर्दोष आहे, आतली घासाई आरशासारखी आहे. इतके चांगले बॅरल शेवटच्या टप्प्यावर चुकीचा रीमर (चेंबर कापणारे हत्यार) लावून वाया घालवायला विशेष कौशल्य लागत असले पाहिजे.

आता आजचे संभाषण. आपल्या तज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, “काडतूस बसतं ना सर?” मी म्हटले, बसते. “फुटतं ना?” फुटते. “मग तक्रार काय आहे?” मी गोळीवर रेघा उमटत नसल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी “ते चांगलंच की, गोळी खराब होत नाही” असे उत्तर दिले. मी क्षणभर गप्प झालो. ती संधी साधून त्यांनी मला श्वासावर नियंत्रण ठेवण्याचा आणि ट्रिगर हळुवार दाबण्याचा सल्ला दिला. रायफल टेकूवर होती, हे मी त्याआधी दोनदा सांगितले होते. कोणता रीमर वापरला, एवढेच कळवा, असे म्हटल्यावर मला पाच मिनिटे सनईचे सूर ऐकवण्यात आले आणि परत आल्यावर ते म्हणाले, “मॅच चेंबरमध्ये काडतूस काढताना त्रास होतो, म्हणून ग्राहकांच्या सोयीसाठी आम्ही थोडं सैल ठेवतो.” म्हणजे चेंबर मॅच नाही, हे मान्य? त्यावर ते सुरुवातीला उद्धृत केलेले वाक्य आले. बॅरलचे नाव ‘मॅच’ असल्याने चौकटीतल्या माझ्या खुणेला काही अर्थ उरत नाही, असा या खुलाशाचा मथितार्थ मी समजतो. उद्या आपण एखाद्या बॅरलचे नाव ‘सरळ’ ठेवाल आणि ते वाकडे निघाले तर हेच उत्तर मिळेल काय?

याआधीच्या संभाषणात “पाठवून द्या, पुन्हा रीमर फिरवून देतो” असेही सुचवण्यात आले होते. रीमर धातू काढतो, घालत नाही. लांब कापलेले चेंबर आखूड करायचे तर बॅरलचे मागचे टोक कापून चेंबर नव्याने कापावे लागते, एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) खाचा पुन्हा पाडाव्या लागतात आणि हेडस्पेस, म्हणजे काडतुसासाठी बोल्टपुढे राहणारी जागा, नव्याने जुळवावा लागतो. बॅरल बनवणाऱ्या कंपनीच्या तांत्रिक कक्षाला हे ग्राहकाने सांगावे लागावे, याची लाज नक्की कोणाला वाटायला हवी, हे मला ठरवता आलेले नाही.

मी मॅच चेंबर मागितले होते. मागणीपत्रात ते लिहिलेले आहे, आपल्या पोचपावतीवरही तेच छापलेले आहे. या पत्रासोबत दोन्हींच्या प्रती, दहा गोळ्यांची छायाचित्रे आणि ग्रुपचे कागद जोडले आहेत. माझे जुने बॅरल आपल्याच कारखान्याचे होते आणि त्यावर ‘मॅच’ असे काही लिहिलेले नव्हते. ते फक्त मॅच होते.

पंधरा दिवसांच्या आत मागणीप्रमाणे चेंबर कापलेले नवे बॅरल, कोणता रीमर वापरला याच्या लेखी नोंदीसह, आपल्या खर्चाने पाठवावे किंवा पूर्ण रक्कम परत करावी. तसे न झाल्यास हीच कागदपत्रे ग्राहक तक्रार निवारणासाठी दाखल केली जातील. उत्तर लेखी द्यावे. दूरध्वनी करू नये. सनई मी पुरेशी ऐकली आहे.

आपला,
(अद्याप) ग्राहक