रॉडचा उघडा पुडा

रत्नागिरी,
२४ ऑगस्ट

मेल्या मंग्या,

दोन महिने तुझ्या मेसेजला उत्तर नाही, त्याच्या शिव्या गणपतीत समोरासमोर घाल. आईचे गुडघे तसेच, माझी सर्दी तशीच. बाकी ठीक.

अण्णांच्या बोटीवर जाळं ओढायच्या विंचचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, तुटला. वेल्डिंगने जोडला होता मीच.

जुलैत बोट वर काढली होती. अण्णा म्हणाले, "घरात वेल्डिंगचा एमटेक असताना बाहेरचा माणूस कशाला?" मीही फुगलो. नाना शेजारी विडी ओढत बसलेले. म्हणाले, "रॉड भाजून घे रे. शाफ्टपण जरा तापव." मी त्यांना ऐकवलं की हा ७०१८ आहे, लो हायड्रोजनचा, म्हणजे वेल्डमध्ये हायड्रोजन कमी सोडणारा, तुमच्या वेळचा रॉड नाही. पुडा शेडमध्ये जूनपासून उघडा पडलेला! पुडा फोडला की चार तासांत वापरायचा, नाहीतर साडेतीनशे डिग्रीच्या आसपास भाजायचा, हे मी पेपरात दोनदा लिहिलंय. दोनदा, मंग्या. आणि शाफ्ट ईएन-८ पोलादाचा, ०.४ टक्के कार्बन. तो न तापवता जोडू नये हे डिप्लोमाचं पोरही सांगेल.

बीड, म्हणजे वेल्डची रेघ, मात्र काय देखणी आली होती! वरच्या स्लॅगची खपली एका टिचकीत सुटली. मी फोटोही काढला.

१ ऑगस्टला बोटी सुटल्या, तिसऱ्या दिवशी जाळं ओढताना शाफ्ट कडाड. दोर सुटून एका खलाशाच्या मनगटावर बसला. हाड वाचलं, पण आठवडाभर त्याला घास डाव्या हाताने खावा लागला. अण्णांनी शाफ्ट विकणाऱ्याचा उद्धार केला, "हल्ली लोखंडच भिकार." मी मान डोलावली. हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

तुटका तुकडा पिशवीत घालून लॅबवर नेला. कापला, घासला, नायटलचं आम्ल लावून मायक्रोस्कोपखाली धरला. भेग वेल्डच्या काठापासून निघून वेल्डला खेटून शाफ्टच्या पोटात गेलेली. तिथला कडकपणा साडेचारशे विकर्सच्या वर, बोटभर लांब जेमतेम दोनशे. रंग मारला तेव्हा भेग आत पडलेलीही असेल. रॉडच्या लेपातल्या ओलाव्यातून हायड्रोजन धातूत शिरतो, आणि त्याची भेग दोन-दोन दिवस उशिरा येते.

आता खरी पंचाईत. सोमवारी थिसिसचा विषय द्यायचाय. सरांच्या मनात फ्रिक्शन स्टर वेल्डिंग आहे, ६०६१ ॲल्युमिनियमवर. १९९१ साली इंग्लंडात टीडब्ल्यूआय या वेल्डिंगच्या संशोधन संस्थेत निघालेली पद्धत. धातू वितळवायचाच नाही, फिरती पिन खुपसून पिठासारखा मळायचा. सीनियरने मिलिंग मशीनवर फिक्स्चर बसवून ठेवलंय, पेपर हमखास होतो. "वर थोडं एआय टाकू," असंही सर म्हणाले, कढीवर कोथिंबीर भुरभुरावी तसं.

मी म्हटलं, मला पावसाळी हवेतल्या रॉडवर काम करायचंय. सर हसले. "अरे, हे सगळं कधीच होऊन गेलंय. यात नवीन काय?"

ते चुकीचं बोलत नाहीत, हीच गोची. ओलावा, हायड्रोजन, भेग, सगळं पुस्तकात आहे. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून बोटींची बरीचशी डागडुजी त्याच दिवसांत, म्हणजे हवेतून पाणी गळत असताना. मिरकरवाड्याच्या बंदरावर मी विचारत फिरलो, रॉडचा ओव्हन एकाकडेही नाही. एकजण चुलीवरच्या फळीवर सुक्या बांगड्यांशेजारी रॉड ठेवतो. दुसऱ्याने पत्र्याच्या डब्यात बल्ब सोडलाय. बल्बने कोरडा रॉड कोरडा राहील, पण भिजलेला सुधारायचा नाही, असं मला वाटतं. ते मोजून बघायचंय. हायड्रोजन मोजायचं पाऱ्याचं उपकरण कॉलेजात नाही, पण टेक्केन टेस्ट जमेल: प्लेटला वाय आकाराची खाच, त्यात एक बीड, ४८ तास थांबायचं, मग कापून भेग बघायची. बँडसॉ आहे, प्लेट भंगारात मिळते.

पण रात्री वाटतं, विषय मला आवडलाय की ते मनगट टोचतंय? व्हायव्हाला "हाच विषय का" विचारलं तर सांगू काय? आणि पेपर झाला नाही तर पीएचडीचं कोण विचारणार? मग वाटतं, घ्यावं मुकाट ॲल्युमिनियम. सकाळी उठून पुन्हा जेट्टीवर जातो.

तू हसत असशील. डिप्लोमाच्या वर्कशॉपमधला आपला जॉब आठवतोय ना, बेंड टेस्टला पिकल्या फणसासारखा उकललेला? तेव्हा खिडकीत पुडा उघडा कोणी टाकला यावरून तू माझ्याशी महिनाभर बोलला नव्हतास. या वेळचा मी टाकला, कबूल. तेव्हाचा तूच, हे आजही सांगतो.

तुझी नाईट संपली का? बाळाचं नाव ठेवलंत की अजून दोन्ही आज्यांची भांडणंच? वहिनींना नमस्कार.

एक काम कर. तुमच्या स्टोअरमध्ये रॉड गरम ठेवायचा जुना पोर्टेबल ओव्हन भंगारात निघाला असेल तर विचार, आणि सीलबंद ७०१८ चा एक पुडा विकत आण. पैसे देतो. रविवारी रात्री फोन कर, सोमवारी अकराला सर केबिनमध्ये असतात. अण्णांना सांगायचं की नाही तेही तेव्हाच बोलू. आणि पुडा वाटेत फोडू नकोस.

तुझा,
पक्या