आराम हाताला सांगितला होता

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हे सगळं बोलायला गेले की बाबा दोन मिनिटांत "बरं, घे आईशी बोल" करतात आणि आई लगेच "बाकी काय" वर येते, म्हणून शेवटी लिहूनच पाठवतेय. लांबलंय जरा. आईने मोठ्याने वाचायचं, बाबांनी चष्मा शोधायच्या भानगडीत पडू नये.

बाबा, पडून मनगट मोडल्यावर घातलेलं तुमचं प्लास्टर काढलं तो दिवस माझ्या डोक्यातून जातच नाहीये. मशीन घर्रर्र करत जवळ आलं तेव्हा तुम्ही डोळे गच्च मिटून हात मागे ओढत होतात, आणि तो प्लास्टर काढणारा मुलगा हसत हसत पातं स्वतःच्या तळहाताला लावून दाखवत होता. मी नंतर वाचलं, ते पातं गरगर फिरतच नाही, जागच्या जागी थरथरतं. प्लास्टर कडक म्हणून कापलं जातं, कातडी मऊ असते, ती पात्याबरोबर इकडेतिकडे हलते म्हणून सहसा वाचते. मला हे फार आवडलं. नंतर घरी येऊन कितीतरी वेळ मी माझं कोपर वाकवून बघत होते, मागे ती जास्तीची कातडी चुण्या पडून का लोंबते तर वाकवताना पुरावी म्हणून.

आणि मग प्लास्टरची दोन शकलं बाजूला झाली. सहा आठवड्यांनी. तुम्ही दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेत आणि कोणीच काही बोललं नाही. डावा हात दुसऱ्याच कोणाचा तरी असल्यासारखा, वरून पांढरट पापुद्रे सुटलेले आणि मनगटापासून कोपरापर्यंत एवढा बारीक की घड्याळ घातलं असतं तर सरळ कोपरापर्यंत गेलं असतं. पापुद्र्यांचं काही विशेष नाही, कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचाच असतो, खालून नवीन येतात आणि वरच्या झडतात, एका पेशीला तळापासून वर यायला साधारण चार आठवडे लागतात आणि वय झालं की त्याहून जास्त. एरवी अंघोळीत, कपड्यांना घासून त्या निघून जातात, प्लास्टरच्या आत त्यांना जायला जागाच नव्हती. माझी झोप उडाली ती त्या बारीकपणाने.

कारण हाड मस्त जुळलं होतं. एक्स-रे बघून डॉक्टर खूश. हाड मोडलं की तिथे आधी रक्ताची गाठ होते, मग कूर्चेसारखं मऊ काहीतरी भरतं, मग त्याचं कच्चं हाड होतं आणि पुढे कित्येक महिने ते घासूनपुसून नीट केलं जातं. हे सगळं हात गप्प पडून असतानाच चाललं होतं, आणि त्याच सहा आठवड्यांत त्याच हातातला स्नायू मात्र काम नाही म्हणून निघून गेला. हाडाला स्थिर राहायचं होतं, स्नायूला हलायचं होतं, आणि दोघं एकाच प्लास्टरात.

बरं, हातापुरतं असतं तर ठीक होतं. डॉक्टरांनी हाताला आराम सांगितला होता, आपण आख्ख्या माणसाला दिला. त्यातला मोठा वाटा माझा. "बाबा उठू नका, मी देते", "बाबा बसा, पडाल परत", टीव्हीचा रिमोट हाताशी, पाण्याची बाटली हाताशी, दार उघडायला उठायला नको म्हणून मी डुप्लिकेट किल्लीसुद्धा करून घेतली. हाताचं प्लास्टर सगळ्यांना दिसत होतं, पायांना मी घातलेलं कोणालाच दिसलं नाही. परवा तुम्ही खुर्चीतून उठताना दोन्ही हात दांड्यांवर रेटून, एकदा मागे जाऊन, मग हिसका देऊन उठलात. पडायच्या आधी तुम्ही असे उठत नव्हतात बाबा. एक प्रयोग माझ्या वाचनात आला, २००७ साली छापून आलेला, धडधाकट वयस्कर माणसांना फक्त १० दिवस पलंगावर झोपवून ठेवलं तर त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस गेलं. दहा दिवसांत! आणि तुम्ही दोन महिने त्या खुर्चीत.

माझी समजूत अशी होती की शरीर म्हणजे जुनी गाडी, कमी चालवली तर जास्त टिकेल. साफ उलटं आहे. हाड आपल्याला काठीसारखं सुकं वाटतं पण ते जिवंत असतं, आतल्या काही पेशी जुनं हाड खरवडून काढतात, काही नवीन भरतात, असं करत करत वर्षाला सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग बदलून होतो. आणि कुठे भरायचं हे ठरतं कुठे भार पडतो त्यावरून. युलियस वोल्फ नावाच्या जर्मन सर्जनने १८९२ मध्येच हे मांडलं होतं. भार नसला की काय होतं ते अंतराळवीरांमध्ये दिसतं, तिथे वजनच जाणवत नाही, तर खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला १ ते दीड टक्क्याने उतरते, आणि ही धडधाकट, निवडून घेतलेली माणसं, रोज व्यायाम करणारी. आपण तर घरातच अंतराळ करून ठेवलं होतं.

आणि त्या हाडावर भार कोण टाकतं तर आपलं वजन आणि स्नायू. स्नायूला एकच काम येतं, ओढणं. ढकलता येत नाही त्याला. म्हणून सगळे जोडीने, दंडाचा पुढचा स्नायू हात वाकवतो आणि सरळ करायला मागचा लागतो, असे ६०० च्या वर स्नायू २०६ हाडांना दोरीसारख्या टोकांनी बांधलेले. तुम्ही खुर्चीतून उठता तेव्हा मांडीच्या पुढचा चार भागांचा स्नायू गुडघा सरळ करतो, मागून बसायच्या जागेचा, शरीरातला सगळ्यात मोठा, कंबर वर उचलतो. तेच दोन्ही आता तुमचे सुस्तावलेत. तिशीनंतर तसेही दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात, साठीनंतर वेग वाढतो, आणि त्यातही आधी जातात ते झटकन आवळणारे तंतू. चालायला हळू तंतू पुरतात हो, पण पाय अडकला की जो दुसरा पाय टुणकन पुढे टाकायचा असतो ना, तो या झटपटवाल्यांच्या जिवावर. ते बारीक झाले की माणूस अडखळतो आणि सावरायच्या आत खाली.

तुमचं त्या दिवशी काय झालं ते मी आता वेगळ्या नजरेने बघतेय. पाय सटकला पण हात वेळेत पुढे आला, म्हणून मनगटावर निभावलं. आणखी वय झालं की हात पोचायला उशीर होतो आणि माणूस सरळ खुब्यावर पडतो, ते फार वाईट. आणि त्या ढगळ सपाता प्लीज टाकून द्या. तळपायाच्या कातडीत दाब आणि थरथर ओळखणाऱ्या बारीक बारीक घुंड्या असतात, जमीन कशी आहे ते तिथून मेंदूला कळतं आणि मग पोटऱ्या क्षणोक्षणी तोल सावरत राहतात. वयाने ही जाणीव आधीच बोथट होते, त्यात मऊ, टाच सुटलेली सपात म्हणजे पायाला खाली काय आहे ते कळणारच नाही.

आता आई. हसू नकोस, तुझाही नंबर आहे. तुझ्या हातावर ते जांभळे डाग येतात आणि तू म्हणतेस कुठे लागलं आठवतच नाही, ते खरंच आठवण्यासारखं नसतं. कातडीचा आतला थर पातळ होतो, त्यातलं कोलॅजेन आणि खालची चरबी कमी होते, रक्ताच्या बारीक नळ्यांना गादीच उरत नाही, मग दाराची कड नुसती घासली तरी पुरते. रक्त तपासायला घेतल्यावर चिकटपट्टी खस्सकन ओढू नकोस, मागच्या वेळी कातडी सोलली गेली होती, ओली करून हळूहळू काढायची. अंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं व्हायच्या आत मॉइश्चरायझर, त्याने खाज कमी होईल. आणि नुसते डाग म्हणून सोडून दिलं असतं पण हल्ली खूप जास्त येतायत किंवा हिरड्यांतूनही रक्त येतंय असं वाटलं तर मला सांग, गोळ्यांमुळेही होऊ शकतं, डॉक्टरांना विचारू.

दुसरं म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. तू म्हणालीस की दोरी कोणीतरी वर बांधली. कोणी नाही बांधली आई, मी मोजली. तूच खाली आलीयेस. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, हाड खरवडणाऱ्या पेशी मोकाट सुटतात आणि भरणाऱ्या मागे पडतात, मग मणके आतून जाळीदार होऊन कधीकधी पुढच्या बाजूने चेपतात. बऱ्याचदा दुखतसुद्धा नाही, नुसती उंची कमी होते आणि पाठीला बाक येतो. नक्की तेच आहे असं मी म्हणत नाही, पण डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून टाकू, झोपून राहायचं, दहापंधरा मिनिटांचं काम, सुई नाही. त्यात टी-स्कोअर येतो, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या मानाने आपलं हाड किती विरळ झालंय त्याचा आकडा, तो उणे २.५ किंवा त्याखाली आला तर औषधं आहेत, चांगली आहेत. नुसती कॅल्शियमची गोळी घेतली की झालं, असं नसतं.

आता या वयात काय होणार, हे तुमचं दोघांचं आवडतं वाक्य, म्हणून एक गोष्ट राखून ठेवली होती. १९९० मध्ये अमेरिकेत मारिया फियातारोने नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना, सरासरी वय ९०, पायांच्या वजनाचा व्यायाम दिला. आठ आठवडे. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतली माणसं! बाबा तर ७२ चे, म्हणजे त्यांच्यासमोर पोरगेले.

तेव्हा मी माझे सगळे जुने नियम मागे घेतेय. बाबांनी सकाळ-संध्याकाळ त्या साध्या सरळ पाठीच्या खुर्चीतून, भिंतीला टेकवलेल्या, हात छातीवर ठेवून पाच वेळा उठायचं आणि हळू बसायचं, धप्पकन नाही, बसतानाही तोच स्नायू काम करत असतो. आईने घड्याळ लावायचं. पाच वेळा उठायला १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांची ताकद कमी झालीय असं धरतात, सुरुवातीला २५ लागतील, लागू देत. हातांशिवाय जमलंच नाही तर आधी हात टेकून. फिजिओथेरपिस्टची वेळ मी घेतलीय, हाताला ते बघतील आणि पायांचंही मी त्यांना सांगितलंय. प्रोटीनचं प्रमाण वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम असं म्हणतात, पण बाबांच्या किडनीचा रिपोर्ट आला की मग ठरवू.

आई, तू त्यांना काही हातात आणून देऊ नकोस. ते चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत, मला माहितीये. माझं नाव सांग.

शनिवारी येतेय. डुप्लिकेट किल्ली या वेळी इकडेच ठेवून येणार. बेल वाजवून बाहेर उभी राहीन, दार बाबांनी उघडायचं. सावकाश या, मला घाई नाहीये.

तुमचीच,
मी