बागेच्या मापाचा ट्रॅक्टर

पुणे, ५ जानेवारी २०२६

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

बाबा, ट्रॅक्टर घ्यायचं तुम्ही ठरवलंत याचा मला मनापासून आनंद झाला. पॉवर टिलरच्या मुठी दाबून तुमचा खांदा गेला, कुणग्याच्या, म्हणजे भाताच्या खाचराच्या, कोपऱ्यात तो वळवताना आईचा जीव वर-खाली होतो, हे मी इतकी वर्षं बघत आलेय. आता प्रश्न कुठला घ्यायचा एवढाच आहे. तुम्ही फोनवर म्हणालात, "पंचेचाळीसचाच घेऊन टाकू, ताकद असलेली बरी." त्यावर मला पुष्कळ बोलायचंय आणि ते फोनवर होण्यासारखं नाही. म्हणून लिहितेय. कुडाळला शोरूमला जाल तेव्हा हे कागद खिशात असू द्या.

पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर घाटावरच्या उसाच्या रानात शोभतो. वजन दोन टनांच्या आसपास, वळायला अख्खं शेत मोकळं. आपल्याकडे खाली कुणगे, मध्ये काजू आणि हापूस, त्याच्या वर ऐन-किंजळीचं रान आणि माथ्यावर कातळ. वर जायला दोन गडग्यांमधली, म्हणजे दगडी कुंपणांमधली, पाणंद, दुसरी वाट नाही. तो ट्रॅक्टर पाणंदीच्या तोंडाशीच अडकेल. गडगा मोडून आत नेलाच तरी काजूखाली शिरणार नाही.

आणि आपल्याला ताकद लागते कशाला, तेही बघू. नांगरट आपल्याकडे जवळपास नाहीच. खरं काम आहे ओझं वाहण्याचं. वाढलेल्या हापूसच्या कलमाला दरसाल ५० किलो शेणखत द्यायचं ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस. शंभर कलमं धरली तर पाच टन होतात, आणि ते आजवर पाट्यांनी डोक्यावरून वर गेलं. आता पाटी उचलायला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर दुपारनंतर थांबत नाही. दुसरं काम फवारणीचं. मोहोर वाचवायचा तर सहा फवारण्यांचं वेळापत्रक आहे, आणि दर वेळी पाण्याची पिंपं वर चढवायची. तिसरं, पावसाळ्यानंतर कमरेएवढं वाढणारं गवत. ही तिन्ही कामं वीस ते सत्तावीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर आरामात करतो. त्याला मागे लहान ट्रॉली, पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारा एचटीपी हा जोराच्या फवारणीचा पंप आणि गवत कापायचा चार फुटी स्लॅशर, एवढं जोडलं की झालं.

रोटाव्हेटर मात्र बागेसाठी घेऊ नका. विक्रेता सोबत देऊ करेल, सवलतही सांगेल. आंब्याची खाद्य घेणारी बारीक मुळं वरच्या थरात असतात, रोटाव्हेटर तीच तोडतो. वर उतारावरची माती भुसभुशीत करून ठेवली की मिरगाच्या पहिल्या पावसात ती कुणग्यात आणि तिथून वहाळात. आपल्याकडे तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, तो माती तिथेच ठेवत नाही. गवत कापायचं आणि झाडाखालीच आच्छादन म्हणून सोडायचं. कुणग्यांतली चिखलणी पूर्वीसारखी टिलरनेच करू, पण ती गड्याने करायची, तुम्ही नाही. तेवढ्याशा कुणग्यात ट्रॅक्टर वळता वळत नाही आणि बांध ढासळतात.

डिसेंबरात मोशीच्या किसान प्रदर्शनात मी मुद्दाम छोटेच ट्रॅक्टर बघत फिरले. कुबोटाचा निओस्टार ए२११एन २१ एचपीचा, तीन सिलिंडरचा. महिंद्राचा जिवो २४५ चोवीस एचपीचा, दोन सिलिंडरचा. महिंद्राचेच ओजा आहेत, ते २०२३ च्या १५ ऑगस्टला बाजारात आले, त्यातले २१ आणि २७ एचपीचे आपल्या कामाचे. व्हीएसटीचा २७०ही बघण्यासारखा आहे. यातलं अमुकच घ्या असं मी पुण्यात बसून सांगणार नाही. पण चारही चाकांना ताकद मिळणारा, म्हणजे फोर व्हील ड्राइव्हचाच घ्यायचा, यात तडजोड नको. ओल्या गवतावर, भरली ट्रॉली मागे असताना, नुसती मागची चाकं जागच्या जागी फिरतात. उतरतानाही पुढची चाकं इंजिनाला जोडलेली असली की इंजिनाचा अटकाव चारही चाकांना मिळतो.

आता जिथे माझं डोकं सगळ्यात जास्त चाललं ती गोष्ट. सगळे विक्रेते आंतरमशागतीसाठी अरुंद ट्रॅक्टर विकतात, "तीन फुटांत जातो" हे कौतुकाने सांगतात. द्राक्षाच्या बागेला ते ठीक आहे, ओळी जवळ असतात आणि जमीन सपाट. आपली काजूची वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची झाडं सात-आठ मीटरवर आहेत, आंब्याची जुनी कलमं दहा मीटरवर. ओळींत जागाच जागा आहे. आडवी येते ती फांदी. काजू जमिनीला टेकेपर्यंत पसरतो. म्हणजे आपल्याला रुंदीपेक्षा उंची कमी हवी: बॉनेट बुटकं, बसायची जागा खाली, आणि सायलेन्सर उभा वर गेलेला नको, खाली वळवलेला हवा. उभा सायलेन्सर फांद्यांत अडकतो, मोहोर झाडतो. तसा पर्याय त्या मॉडेलला मिळतो का, हे आधी विचारा.

आणि उतारावर अरुंद ट्रॅक्टर लवकर कलंडतो. चाकं जेवढी फाकलेली तेवढा तो स्थिर. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांची मागची चाकं डिस्क उलटीसुलटी करून आत-बाहेर घेता येतात. पाणंद जेवढं सोसेल तेवढी ती बाहेर बसवून घ्यायची. म्हणून बाबा, पहिलं काम टेप घेऊन पाणंद मोजण्याचं. सगळ्यात चिंचोळी जागा आंब्याच्या मुळाजवळच्या वळणावर आहे, ती मोजा. गडग्याचे चिरे आत झुकलेत, तर खाली वेगळं आणि चाकाच्या उंचीला वेगळं माप येईल, दोन्ही लिहून ठेवा.

दुसरं काम उतार मोजायचं. गवंड्याकडची लेव्हलची पट्टी आणा. एक मीटर लांबीची सरळ काठी उताराच्या दिशेने धरा, वरचं टोक जमिनीला टेकवा, लेव्हलमध्ये आणा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंत किती सेंटिमीटर भरतं ते बघा. दहाच्या आत असेल तिथे निर्धास्त. वीसच्या वर जिथे जाईल तिथे ट्रॅक्टर आडवा चालवायचाच नाही, सरळ वर किंवा सरळ खाली. वरच्या किंजळीजवळ तीसच्या पुढे जाईल असं मला वाटतं. तिथलं गवत पूर्वीसारखं ब्रश कटरने काढू, त्याला दोन माणसं लावू, पैसे मी देते.

उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरायचं आणि मध्येच क्लच दाबायचा नाही. क्लच दाबला की भरली ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत नेते. ब्रेकची दोन पायडलं असतात, डाव्या आणि उजव्या चाकाची वेगळी, शेतात वळायला म्हणून. बागेत आणि रस्त्यावर ती दोन्ही खिट्टीने जोडलेलीच ठेवा. नाहीतर घाईत एकावरच पाय पडतो आणि ट्रॅक्टर गिरकी घेतो.

तौक्ते वादळाच्या वेळी, २०२१ च्या मे महिन्यात, वरच्या रानातली झाडं आडवी झाली तेव्हा ओंडके काढायला आपल्याला किती वणवण करावी लागली ते आठवतं. आता ट्रॅक्टर आला की तुम्ही म्हणणार, बांधा दोर आणि ओढा. ओढा, पण साखळी कायम मागच्या खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ओढायच्या पट्टीलाच. सीटच्या मागच्या वरच्या पिनला किंवा एक्सलला बांधून ओढलं आणि ओंडका मुळात अडकला, तर चाकं थांबतात आणि ट्रॅक्टरच मागच्या एक्सलभोवती वर उचलला जातो. पुढची चाकं सुटल्यापासून पाऊण सेकंदात तो अशा जागी पोचतो की मग क्लच दाबूनही उपयोग नाही. दीड सेकंदात चालवणारा खाली. तेवढ्यात कोणालाच काही सुचत नाही, तुमच्यासारख्या सावध माणसालाही नाही.

म्हणून डोक्यावरची चौकट. त्याला आरओपीएस म्हणतात: सीटच्या मागे उभी राहणारी लोखंडी कमान, थेट एक्सलच्या सांगाड्याला बोल्ट केलेली. ट्रॅक्टर उलटला तरी ती माणसापुरती जागा राखते. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर ती सक्तीची केली आणि पुढच्या दशकांत तिथे ट्रॅक्टर उलटून माणसं मरायचं जवळजवळ थांबलं. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांवर ती येत नाही, काहींवर जादा पैसे देऊन मिळते. कंपनीची, तपासून घेतलेलीच हवी. ऊन लागू नये म्हणून लावतात ते छत्र म्हणजे चौकट नव्हे, आणि बाजारातल्या वेल्डरकडून पाइप वाकवून घेतलेली कमान वजन आलं की दुमडते. आपल्याला घडीची हवी, म्हणजे काजूखाली जाताना पाडता येईल. एक नीट लक्षात ठेवा: चौकट उभी असेल तेव्हा पट्टा लावायचा, पाडलेली असेल तेव्हा पट्टा लावायचा नाही. चौकट मिळत नसेल तर ते मॉडेल सोडून द्या, कितीही स्वस्त असो. या एका गोष्टीसाठी मी हट्ट धरणार आहे आणि आईने माझ्या बाजूने उभं राहायचं आहे.

आई, तुझ्यासाठीही थोडं. फवारणीच्या वेळी पंपाजवळ तू उभी असतेस. ट्रॅक्टरपासून पंपाला जो दांडा फिरतो तो मिनिटाला ५४० वेळा फिरतो, सेकंदाला नऊ. त्याच्यात पदराचं टोक सापडलं तर हात आखडायलाही वेळ मिळत नाही. दांड्यावर प्लास्टिकचं आवरण येतं, ते लोक अडचण होते म्हणून काढून टाकतात. आपण काढायचं नाही. आणि तो फिरत असताना तू लांब, बाबांनी पंचा नेसून नाही, विजार घालून. मला माहितेय त्यांना ते आवडणार नाही.

बसून बघताना गिअरची दांडी कुठे आहे तेही बघा, बाबा. लहान ट्रॅक्टरांत ती पुष्कळदा दोन पायांच्या मध्ये येते, चढता-उतरताना गुडघा अडकतो. बाजूला असलेली चांगली. इंजिन चालू करून स्टिअरिंगवर नुसते हात ठेवा आणि थोडा वेळ थांबा. थरथर किती येते ते तुमचा खांदाच सांगेल. पुढे-मागे जायला वेगळी शटल दांडी असेल तर झाडांमध्ये फार सोपं जातं.

फेब्रुवारीपासून वणव्याची भीती सुरू होते, तेव्हाही हा ट्रॅक्टर उपयोगी पडेल. हद्दीवरून गवत कापून जाळरेषा काढता येईल, आणि एचटीपीची टाकी पाण्याने भरून सज्ज ठेवली तर आग विझवायला पंप घरचाच. उलट बाजूही आहे: वाळलेला पाला तापलेल्या सायलेन्सरवर आणि रेडिएटरच्या जाळीत साठतो. काम झालं की रोज तो झाडून काढायचा, आणि ट्रॅक्टर गरम असताना गवतात उभा करायचा नाही, मांगरासमोरच्या खळ्यातच आणायचा.

पैशाचं थोडक्यात. ट्रॅक्टरवरचा जीएसटी गेल्या २२ सप्टेंबरपासून बारा टक्क्यांवरून पाचवर आलाय, कोटेशनमध्ये तो पाचच लावलाय ना ते बघा. अनुदानाचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा, त्याला फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, लागतो. केंद्राच्या यांत्रिकीकरण योजनेत महिला आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांना ५० टक्के, बाकीच्यांना ४० टक्के, तेही ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत. खालचा गट आईच्या नावावर आहे, तेव्हा अर्ज आईच्या नावाने करू. वरचा सातबारा काकांसकट सगळ्यांचा सामायिक आहे, तो यात आणला की संमतीपत्रं गोळा करण्यात वर्ष जाईल. आणि पूर्वसंमतीचं पत्र हातात येईपर्यंत ट्रॅक्टर उचलायचा नाही, बिल करायचं नाही. आधी घेतलेल्याला अनुदान मिळत नाही. विक्रेता "आत्ता घ्या, कागद मागून करू" म्हणाला तरी नाही म्हणा.

कंपनी कुठली ते शेवटी यावर ठरवा की मेकॅनिक कुठून येणार. पहिली सर्व्हिस साधारण पन्नास तासांनी येते, ती घरी येऊन करतात का विचारा. फिल्टर आणि पट्टे कुडाळात मिळतात की कोल्हापूरहून मागवावे लागतात, हे दुकानदाराला विचारू नका, ज्याच्याकडे तो ट्रॅक्टर दोन पावसाळे काढून आहे त्याला विचारा. माणगावच्या बाजूला आणि सावंतवाडीकडे काजूवाल्यांकडे नक्की असतील.

आणि प्रात्यक्षिक शोरूमसमोरच्या डांबरी रस्त्यावर नको. आपल्या पाणंदीतून वर, भरली ट्रॉली घेऊन, आपल्या उतारावर करून दाखवा म्हणावं. जो विक्रेता येणार नाही त्याच्याकडून घ्यायचा नाही. शिमग्याला मी येतेय, प्रात्यक्षिक तेव्हाचंच ठरवा, मला समोर असायचंय. तोवर पाणंदीची मापं आणि उताराचे आकडे मोबाइलवर फोटो काढून पाठवा, आणि आईचा सातबारा आठ-अ सकट स्कॅन करून घ्या म्हणजे अर्ज मी इथून भरते.

खांद्याला तेल लावताय ना? आईला सा. न.

तुमची,
बाय