नवीन कॉम्प्युटर देताना त्याच्या कीजपण शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पुस्तकांची प्रूफं तपासायचं काम करते, बरीच वर्षं. हल्ली आमच्या कामाच्या ठिकाणी आणि ओळखीच्या दोन-तीन प्रकाशकांकडेही विंडोजचे जुने कॉम्प्युटर जाऊन ॲपल कंपनीचे मॅक आलेत, आणि त्यावरून जे बघते आहे ते लिहावंसं वाटलं. मशीन येतं, पासवर्ड मिळतो, इंटरनेट चालू करून देतात आणि देणारा माणूस निघून जातो. मजकुरात इकडून तिकडे कसं जायचं, ओळ कशी उचलायची, चुकलं तर मागे कसं यायचं हे कोणीच सांगत नाही, कारण सगळ्यांना वाटतं की हे तर येतंच. येतं, पण दुसऱ्या मशीनवरचं येतं.

आमच्याकडच्या एक ताई, मराठी टायपिंगमध्ये त्यांचा हात धरणारं कोणी नाही, नव्या मशीनवर पहिल्याच दिवशी इतक्या खचल्या की मला आता हे काम जमणार नाही असं म्हणायला लागल्या. अडचण एवढीच होती की विंडोजवर जे कंट्रोलने होतं ते मॅकवर कमांडने होतं, आणि ही कमांड की स्पेसबारच्या शेजारी असते, म्हणजे करंगळीचं काम अंगठ्याकडे जातं. वर्षानुवर्षं करंगळी कोपऱ्यात जायची सवय, ती एका दिवसात कशी सुटणार! त्यात होम आणि एंड. विंडोजवर होम दाबलं की कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो, मॅकवर बऱ्याच ॲपमध्ये पान वर सरकतं आणि कर्सर होता तिथेच राहतो, मग माणसाला वाटतं आपला मजकूरच गेला. ओळीच्या सुरुवातीला जायला तिथे कमांड आणि डावा बाण, एकेक शब्द मागे जायला ऑप्शन आणि डावा बाण, फाइलच्या अगदी वर जायला कमांड आणि वरचा बाण. डिलीट लिहिलेली की प्रत्यक्षात बॅकस्पेसचं काम करते, पुढचं अक्षर खोडायला एफएन लिहिलेली की धरून डिलीट दाबावी लागते. विंडोजवर बहुतेक ठिकाणी कंट्रोल वाय म्हणजे रिडू, मागे घेतलेलं पुन्हा करणं, इथे कमांड शिफ्ट झेड. एवढंच सगळं, एका कागदावर मावतं. तो कागद कोणी दिला नाही म्हणून एक कसलेली बाई स्वतःला अडाणी समजायला लागली, याचा मला खरंच राग येतो.

आणि यातलं बरंचसं सगळीकडे सारखंच आहे, तेच तर सांगत नाहीत! शिफ्ट धरून कर्सर हलवला की मजकूर सिलेक्ट होतो, हे विंडोज, मॅक आणि उबुंटू नावाची तिसरी सिस्टीम, तिन्हीकडे खरं आहे. बाणाबरोबर आणखी एक की धरली की उडी मोठी होते, ती की कोणती एवढंच बदलतं. एकदा हे डोक्यात बसलं की नव्या मशीनवर माणूस बरोबर प्रश्न विचारतो, इथे शब्दभर उडी कशाने मारायची, बस. उबुंटूवर तर विंडोजसारखंच कंट्रोल चालतं, फक्त टर्मिनलच्या, म्हणजे हुकूम टाइप करून द्यायच्या, काळ्या खिडकीत कॉपी करायला कंट्रोल शिफ्ट सी लागतं, कारण तिथे नुसतं कंट्रोल सी म्हणजे चालू असलेलं काम थांबव.

या कीज आल्या कुठून तेही सांगते, कारण आम्हा प्रूफवाल्यांचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात लॅरी टेसलर आणि टिम मॉट या दोघांनी जिप्सी नावाचा मजकूर संपादनाचा प्रोग्राम केला, तो जिन नावाच्या शालेय पुस्तकांच्या प्रकाशन कंपनीसाठी होता, आणि त्यासाठी तिथले संपादक कागदावर कसं काम करतात ते आधी नीट बघितलं. ते लोक कात्रीने परिच्छेद कापून दुसरीकडे डिंकाने चिकटवायचे, जुन्या काळी आपल्याकडेही हेच चालायचं. कट आणि पेस्ट तिथून आलं. पुढे टेसलर ॲपलमध्ये गेले आणि १९८३ च्या लिसा कॉम्प्युटरवर मागे येणं, कट, कॉपी आणि पेस्ट यांसाठी झेड, एक्स, सी, व्ही या चार कीज आल्या, खालच्या रांगेत डाव्या हाताला एका ओळीत, म्हणजे उजवा हात माउसवर राहिला तरी चालतो. एक्स म्हणजे खोडल्याची फुली, सी कॉपीचा, आणि व्ही म्हणजे मजकूर घालायच्या खुणेसारखा, आपण दोन शब्दांमध्ये काकपद टाकतो ना तेच उलटं. टेसलर २०२० च्या फेब्रुवारीत गेले. एकाच कीचा अर्थ प्रोग्राम कुठल्या अवस्थेत आहे त्यावरून बदलू नये, वापरणारा गोंधळू नये, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह होता, त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा ‘नो मोड्स’, म्हणजे अशा अवस्था नकोत, असं होतं. इतका विचार करून ज्यांनी आपल्यासाठी सोय केली ती आपल्यापर्यंत पोचतच नाही.

शिकवायचंच असेल तर सगळ्यात आधी अनडू, म्हणजे केलेलं मागे घेणं, शिकवा असं माझं ठाम मत आहे. कॉपी-पेस्टच्याही आधी. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला कीबोर्डची भीती नसते, काहीतरी बिघडेल याची असते, आणि झेडने मागे येता येतं हे हाताला कळलं की तो बाकीचं स्वतः करून बघतो. आमच्या ताईंना आम्ही मुद्दाम एक परिच्छेद खोडायला लावला, मग कमांड झेड दाबायला सांगितलं, दोन-तीनदा तेच केलं, त्यानंतर त्यांनी स्वतःच मेनू उघडून प्रत्येक नावापुढे लिहिलेल्या कीज वहीत उतरवून घेतल्या. मेनूमध्ये सगळं लिहिलेलं असतं हेसुद्धा पुष्कळांना माहीत नसतं.

आता मराठीचं, ज्याबद्दल इंग्रजी व्हिडिओत अवाक्षर नसतं. इन्स्क्रिप्टने, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या कीबोर्डच्या मांडणीने, टाइप करणाऱ्यांची अक्षरं कुठल्याही मशीनवर त्याच जागी असतात ही मोठी सोय आहे, आणि शॉर्टकटही त्याच कीजवर चालतात, म्हणजे इन्स्क्रिप्टवाल्याने कॉपी म्हणजे म ची की, पेस्ट म्हणजे न ची आणि कट म्हणजे अनुस्वाराची, असं लक्षात ठेवलं तर इंग्रजी अक्षर शोधायलाच नको. भाषा बदलायला विंडोजवर विंडोज की आणि स्पेस, मॅकवर साधारण कंट्रोल आणि स्पेस. दुसरी गोष्ट बॅकस्पेस आणि डिलीटची. विंडोजवर साधारणपणे बॅकस्पेस मराठीत एकेक तुकडा काढतं आणि डिलीट पुढचं अख्खं जोडाक्षर उडवतं. ‘स्त्री’ च्या शेवटी उभं राहून बॅकस्पेस मारलं तर फक्त वेलांटी जाते, पुन्हा मारलं की र, मग हलन्त, पण अलीकडे उभं राहून डिलीट मारलं तर पूर्ण ‘स्त्री’ गेली. आमच्या कामात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सगळ्यात जास्त, कोणी ‘आणी’ लिहिलेलं असतं, तिथे कर्सर णी च्या पुढे नेऊन एकदा बॅकस्पेस आणि पहिली वेलांटी, काम झालं. हे माहीत नसलं की लोक पूर्ण शब्द खोडून नव्याने टाइप करतात आणि त्या घाईत दुसरीच चूक घुसते, अशा घुसलेल्या चुका मी रोज काढते.

माझी विनंती अगदी साधी आहे. ज्या ऑफिसात, लायब्ररीत, शाळेत नवीन प्रकारचा कॉम्प्युटर बसवतील तिथे पहिला एक तास फक्त यासाठी ठेवावा, माउस बाजूला ठेवून, आणि जुन्या-नव्या कीजचा एक तक्ता मराठीत छापून मॉनिटरशेजारी चिकटवावा. कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्यांनी मुलांना दोन वेगळ्या प्रकारच्या मशीनवर तोच उतारा दुरुस्त करायला द्यावा. आपल्या पेपरच्या पुरवणीत मॅक, विंडोज आणि उबुंटू असे तीन रकाने करून असा तक्ता एकदा छापलात तर कात्रण काढून ठेवणारे पुष्कळ निघतील. मराठी टायपिंगसकट त्याचा कच्चा मजकूर मी तयार केलाय, हवा असेल तर पाठवते.

आपली,
एक मुद्रितशोधक, सांगली