तुमच्या सावलीत काढलेलं चित्र

काका, सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीतच लिहिते आहे. नाशकात फरशी-मार्बलच्या कामावर निम्मं आयुष्य घालवून आता राजस्थानात आपल्या गावी मेंढ्या राखणाऱ्या माणसाला हिंदीत लिहिलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, "काय ताई, एवढ्यात परकं केलं?" आणि चारचौघांत लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलंत ते चारचौघांना कळायला हवं. तुमचं नाव-गाव मात्र मुद्दाम गाळलंय. ते टाकलं की पुढच्या हिवाळ्यात तुमच्या दारात जीपांची रांग लागेल, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो पक्षीच आधी मुलूख सोडेल.

चित्र झालं, हे आधी सांगते. गोडावणाची, म्हणजे आमच्याकडच्या माळढोकाची मादी, मागे केरचं झुडूप, पुढे मुरमाड माळ. कोपऱ्यात सही केली आणि काय झालं कोण जाणे, डोळे भरून आले. घरातले विचारत होते, काय गं, बिघडलं का चित्र?

तुमच्याकडे पोचण्याआधी मी ज्यांच्या नादी लागले होते, त्यांची गोष्ट तुम्हाला अर्धीच सांगितली होती. आता पूर्ण ऐका. 'खास पक्षीप्रेमींसाठी' म्हणून भरपूर पैसे घेतलेली ती सहल. जीपमध्ये दाटीवाटीने बसलेली माणसं, मांडीवर हातभर लांबीच्या लेन्स. चिंकारा उभा दिसला की ड्रायव्हरला फर्मान, "हॉर्न मार, पळतानाचा हवाय." सांडा बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेला, सरड्याच्या जातीचा, गवतापाल्यावर जगणारा गरीब जीव. गाडी इतकी जवळ नेली की तो आत गेला तो परत आलाच नाही. आणि लांबवर गोडावण दिसल्यावर तर चाकोरी सोडून गाडी थेट सेवण गवतात घातली. पक्षी उडाला. सगळ्यांना उडतानाचे फोटो मिळाले, गाडीत टाळ्या पडल्या. मी म्हटलं, मला तो चालताना बघायचा होता. आयोजक हसून म्हणाले, "मॅडम, फोटो पाठवतो की, त्यावरून काढा."

फोटोवरून काढता येतं हो. पण फोटोत सेकंदाचा हजारावा भाग असतो. गोडावण पाय उचलतो, थांबतो, मान ताठ करून अंदाज घेतो आणि मगच पुढचं पाऊल टाकतो. हे थांबणं कागदावर आणायचं तर आपणही तेवढं थांबावं लागतं. घाबरून उडालेल्या पक्ष्याच्या फोटोत त्याचं घाबरणं तेवढं दिसतं, तो कसा जगतो ते दिसत नाही. हे त्या गाडीत कोणाला सांगणार?

शहरातल्या एका कलादालनातली तऱ्हा आणखी वेगळी. माझी रेखाटनं चाळत तिथल्या बाई म्हणाल्या, "वाळवंट म्हणता आणि उंट कुठेय? निदान एखादा सूर्यास्त तरी?" त्यांना काय सांगू की डेझर्ट नॅशनल पार्कच्या ३,१६२ चौरस किलोमीटरांत वाळूचे टिब्बे हा फक्त एक हिस्सा आहे. बाकी सगळा खडक, मुरूम, गवत, मध्येच केर-फोगाची झुडपं, एखादं खेजडीचं झाड. मला काढायचं होतं ते हेच, ज्यात लोकांना काहीच दिसत नाही.

आपली गाठ कशी पडली, तुम्ही मला ओरणात, त्या देवाच्या नावाने राखलेल्या माळरानात न्यायला कसे तयार झालात, ते सांगत बसत नाही. चहाच्या टपरीवर कोणीतरी फोनवर अस्सल नाशिकी मराठीत भांडत होतं म्हणून मी मागे वळून बघितलं, एवढं पुरे.

त्या सकाळबद्दल मात्र लिहायचंय.

तुम्ही मेंढ्या घेऊन पुढे, मी मागे. केरच्या झुडपाआड बसवलंत आणि मी सवयीने छत्री उघडायला गेले. "ती मिटा, ताई. एवढं मोठं काळं गोल त्याने कधी बघितलेलं नाही. मेंढ्या बघितल्यात, मला रोज बघतोय." छत्री मिटली. थोड्या वेळाने ती आली. मादी होती. लोकांना गळ्याची पिशवी फुगवून मिरवणारा नर हवा असतो; ही आकाराने लहान, मान करडट, नराच्या छातीवर असतो तसा ठळक काळा पट्टाही नाही. तुम्ही हळूच म्हणालात, "ही रोजची आहे." कौतुक नाही की उत्साह नाही. शेजारणीची ओळख करून द्यावी तसं.

मी कागद काढला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ज्यांनी माळावर भर उन्हात जलरंग केलेत त्यांनाच हे कळेल. पांढरा कागद उन्हात आरशासारखा पेटतो. त्याच्याकडे बघून पुन्हा पक्ष्याकडे बघावं तर रंग ओळखू येत नाहीत, सगळं काळपट दिसतं. त्या कागदावर मिसळलेला रंग नंतर घरात बघावा तर चुना. मी डोळे मिचकावत होते, कागद गुडघ्यावर तिरपा करून बघत होते. तुम्हाला मी काही बोलले नाही. बोलायची सोयच नव्हती, ती शंभरेक पावलांवर होती.

आणि एकाएकी कागद थंड झाला. थंड म्हणजे रंगाने. वर बघितलं तर तुम्ही माझ्या उजव्या अंगाला काठी टेकून बसला होतात, तोंड मेंढ्यांकडे, आणि तुमची सावली बरोब्बर माझ्या कागदावर. योगायोग वाटला. पण ऊन चढत गेलं तशी सावली आखूड होत गेली, आणि ती कागदावरून सरकायला लागली की तुम्ही बसल्या बसल्या इंचभर जवळ सरकायचात. मग पुन्हा थोडं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. चित्र कसं होतंय हे बघायला डोकावला नाहीत. ती किडे टिपत, थांबत, पुन्हा चालत झुडपापलीकडे जाईपर्यंत तुम्ही घड्याळाच्या काट्यासारखे सरकत राहिलात, आणि तोवर माझा कागद सावलीत राहिला. पाठीवर ऊन तुमच्या.

ती गेल्यावर मी आभार मानले तर म्हणालात, "कशाचे? मी मेंढ्या बघत होतो."

काका, आजवर पुष्कळ लोकांनी मला मदत केली. कोणी ओळखी दिल्या, कोणी खोली दिली. पण मला काय अडतंय ते मी न सांगता ओळखावं, माझ्या आणि पक्ष्याच्या मध्ये न येता ते दूर करावं, आणि वर केल्याचा मागमूस ठेवू नये, असं कोणी केलेलं आठवत नाही. मदत करणारा माणूस बहुधा आपल्या मदतीसकट समोर उभा राहतो. तुम्ही बाजूला बसलात.

नंतर खेजडीखाली भाकरी सोडली तेव्हा तुम्ही पहिल्यांदा चित्र बघितलंत. मला वाटलं, छान छान म्हणाल. तुम्ही म्हणालात, "जमिनीत लाल जास्त झाला." मी थोडी चिडलेच होते. तुम्ही एक खडा उचललात, बाटलीतलं पाणी बोटावर घेऊन त्याच्यावर लावलंत. कोरडा, पांढुरका खडा एकदम पिवळट मधाळ झाला. "पॉलिश केल्यावर दगड कसा दिसेल ते असंच पाणी मारून बघतो आम्ही. आत हा रंग आहे. लाल नाही." माझ्या पेटीत बर्न्ट सिएना सगळ्यात आधी संपतो, वाळवंट म्हटलं की हात आपोआप तिकडेच जातो. त्या दिवसापासून मी येलो ऑकरमध्ये किंचित करडा घालायला लागले, आणि तिची पाठ जमिनीत कशी मुरते ते तेव्हा कुठे समजलं. ती लपत नाही. तिची पाठ त्या मातीचीच आहे. दगडांच्या रंगांत आयुष्य काढलेला माणूस शेजारी असताना मी रंगांची पुस्तकं चाळत होते!

नाडीवरची, त्या गावतळ्यावरची ती वेळही विसरले नाही. मेंढ्यांना तहान लागली होती आणि तुम्ही काठी आडवी धरून त्यांना थोपवलंत, कारण पखुर्ड्यांचा थवा पाण्याला उतरत होता. "त्यांचं दोन मिनिटांचं काम असतं." पिल्लांच्या दिवसांत नर पोटाची पिसं भिजवून त्यातून पिल्लांना पाणी नेतो, हे मी वाचलं होतं. तुम्ही मात्र ते सांगताना छातीशी हात नेऊन पिसं कशी दाबून धरतो ते करून दाखवलंत. जोधपूरजवळच्या खेजडलीत १७३० साली अमृतादेवींसह ३६३ बिश्नोईंनी खेजडीच्या झाडांसाठी प्राण दिले, हे आमच्याकडे पर्यावरण दिनाच्या भाषणात हमखास येतं. भाषण करणारे टाळ्या घेऊन गाडी सावलीत लावायला झाडाच्या बुंध्यावर चढवतात. तुम्ही भाषण केलं नाहीत. मेंढ्या थोपवल्यात. मला वाटतं, माणसाचा भलेपणा असाच असतो, तहानलेल्या मेंढ्या दोन मिनिटं थांबवण्याइतका. कोणी बघत नसताना केलेला.

आता तारांबद्दल. चित्रात मी त्या गाळल्या होत्या. क्षितिजावरून विजेच्या तारा जात होत्या, पवनचक्क्याही होत्या, पण हात सरावाने त्यांना वगळून पुढे गेला. तुम्ही बोट ठेवलंत. "तारा काढा चित्रात, ताई. तिला दिसत नाहीत, तुम्हाला तरी दिसल्या पाहिजेत."

वाक्य ऐकून मी गप्प बसले. गोडावणाचे डोळे बाजूला असतात, समोरचं त्याला फार कमी दिसतं. पूर्ण वाढलेला नर पंधरा किलोपर्यंत भरतो. एवढं वजन घेऊन उडताना तार अगदी जवळ आल्यावर कळली तरी त्याला वळता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे की थारच्या साधारण ४,२०० चौरस किलोमीटर भागात वर्षाला सुमारे ८४,००० पक्षी तारांमुळे मरतात, सगळ्या जातींचे मिळून. गोडावण उरलेत दीडशेच्या आत, आणि मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घ्यायला सांगितल्या, २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. सूर्याची आणि वाऱ्याची वीज हवीच आहे, हे मलाही कळतं. तुमच्या घरातला दिवाही त्यावरच लागतो. पण ओरण म्हणजे 'पडीक जमीन' असं कागदावर लिहून मोकळं होणाऱ्यांना तुमच्या शेजारी एक सकाळ बसवायला हवं. आमच्या सोलापूरकडे नान्नजला याच पक्ष्यासाठी अभयारण्य केलं, आणि आता तिथे तो दिसला तर बातमी होते. माळाला पडीक म्हणण्याची किंमत आम्ही मोजून बसलोय.

तर, तारा काढल्या. बारीक, करड्या, तिच्या डोक्यामागून जाणाऱ्या. त्याच कलादालनात चित्र दाखवलं. बाई म्हणाल्या, "सुंदर आहे, फक्त त्या वायर्स घालवता येतील का? गिऱ्हाइकाला दिवाणखान्यात लावायचं असतं." मी चित्र गुंडाळलं आणि बाहेर पडले. खरं सांगते, तुमचं ते वाक्य डोक्यात नसतं तर मी घालवल्याही असत्या. घरभाडं कोणाला चुकलंय?

मूळ चित्र माझ्याकडेच राहील. त्याची चांगल्या कागदावर काढलेली प्रत पार्सलने पाठवते आहे. काचेची चौकट केलेली नाही, तुमच्याकडच्या धुळीत आणि वाटेतल्या धक्क्यांत ती टिकणार नाही. थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नका, रंग उडतील. जमिनीत अजूनही लाल वाटला तर तोंडावर सांगा, भिडेने गप्प राहू नका. राहणारही नाही म्हणा तुम्ही.

पावसाळ्यात यायला सांगत होतात, पण तेव्हा येणार नाही. ते त्यांचे अंड्यांचे दिवस, आणि मी कितीही गप्प बसले तरी एक परकं माणूस वाढतंच. थंडीत येईन. जमलं तर आधी फलोदीजवळच्या खीचनला थांबून कुरजां, ते क्रौंच पक्षी, बघून येईन. हिमालय ओलांडून आलेल्या पाहुण्यांना दाणे टाकणाऱ्या त्या गावकऱ्यांबद्दल तुम्ही एवढं सांगितलंत की आता राहवत नाही. येताना नाशकाचा चिवडा आणते. तो कोणत्या दुकानाचा, हे तुम्ही दोनदा बजावलंय, लक्षात आहे.

फोन तुम्हीच करा, टेकाडावर चढून. मी केला की नेहमी संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मिस्ड कॉल दिलात तरी चालेल, मी उलटा लावीन.

काकूंना नमस्कार.

तुमची,
ताई